मिरामारच्या दोन फोटोंवरून समुद्राची पातळी कळत नाही

पणजीच्या मिरामार किनाऱ्याचा जुना आणि आताचा फोटो शेजारी ठेवून ‘पाणी होतं तिथंच आहे, समुद्र वाढतोय ही थाप’ असा मेसेज फिरतोय. हा निष्कर्ष चुकीचा आहे. गोव्यात उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीतला फरक सुमारे 2 मीटर असतो. जगाची सरासरी समुद्रपातळी 1993 पासून साधारण 10 सेंटिमीटर वाढली. भरती ऐन जोरात असताना पाणी अर्ध्या तासात त्याहून जास्त चढतं. शिवाय पावसाळ्यात वाळू हलते, काठ सरकतो. म्हणून भरतीमापकाच्या (किनाऱ्यावर पाण्याची उंची सतत नोंदवणाऱ्या यंत्राच्या) अनेक वर्षांच्या नोंदींची सरासरी काढतात, उपग्रहाच्या मोजणीशी ताडून पाहतात.

उलट बाजूलाही हाच नियम. पणजीत एकदा रस्त्यावर पाणी आलं, एवढ्यानं वाढ सिद्ध होत नाही. भरतीत जोराचा पाऊस पडला की गटारांचा निचरा अडतो.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका; ज्या ग्रुपवर टाकलात तिथं हा खुलासा टाका.