जॉइनिंगनंतरचं कोण बघणार?

खेड्यातल्या पोरांना ट्रेनिंग देऊन नोकरीला लावणाऱ्या संस्थेने प्लेसमेंटसाठी नवीन माणसं घेतली हे लेखात वाचून खरंच बरं वाटलं, पण जॉइनिंग लेटर हातात पडलं की काम फत्ते असा जो त्याचा सूर आहे तो अजिबात पटला नाही. माझा मावसभाऊ बीडकडच्या खेड्यातून अशाच एका संस्थेत ट्रेनिंग करून चाकणला लागला, रूमचं डिपॉझिट उसनवारी करून भरलं, पहिला पगार हातात येईपर्यंत मेसचे पैसे थकले, नाइट शिफ्ट सुटल्यावर गाडी मिळेना आणि संस्थेचा साधा एक फोन नाही, शेवटी दिवाळीला गावी गेला तो परत आलाच नाही.

दीनदयाल उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजनेत (२०१४) नोकरी लागल्यावरही सुरुवातीचे काही महिने दरमहा हजार रुपये द्यायची सोय ठेवली ती उगाच नाही, पोरं गळतात ती तिथेच. त्यामुळे नव्या भरतीतली दोन-चार माणसं तरी फक्त फॉलोअपला ठेवा, रूम शोधून देणारी, सुपरवायझरशी बोलणारी, पगाराची स्लिप आणि पीएफ कापला जातोय का ते बघणारी. आणि प्लीज त्यांनाही अकरा महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्टवर घेऊ नका, ज्याचा नंबर पोरांनी सेव्ह केलाय तोच सोडून गेला तर त्यांनी फोन करायचा कुणाला?