हॉर्नबीमला सरपण म्हणणाऱ्यांसाठी

लाकडी धनुष्याचा विषय निघाला की एक मजकूर फिरत फिरत पुढ्यात येतोच. शब्द बदलतात, आशय तोच: खरं धनुष्य यू या सदाहरित झाडाच्या लाकडाचं, हॉर्नबीम हे युरोपातलं पानझडी झाड म्हणजे सरपण. ते इतकं कठीण की वाकवलं की काडकन मोडतं, सरळ फाटत नाही, वाळायला तीन-चार वर्षं घेतं, आणि एवढा खटाटोप करून धनुष्य झालंच तर महिन्याभरात त्याला कायमचा बाक बसतो. वर टोला असा, की असल्या धनुष्यानं शिकार कसली करता!

हे लिहिणाऱ्यांनी हॉर्नबीमला कधी हातच लावला नसेल, असं मी म्हणणार नाही. लावला असेल आणि धनुष्य मोडलंही असेल. माझंही पहिलं मोडलं. पण ते का मोडलं हे न पाहता सगळं खापर लाकडावर फोडायचं, ही रीत मला पटत नाही. यूसाठी जुळवलेला घाट जसाच्या तसा हॉर्नबीमवर लादायचा आणि मग हॉर्नबीम नापास म्हणायचं, बहुतेक तक्रारींच्या मुळाशी हेच आहे.

पुढे दोन शब्द सारखे येतील. धनुष्य ओढताना जी बाजू लक्ष्याकडे असते ती पाठ, ओढणाऱ्याकडे असते ते पोट. पाठीवर ताण येतो, पोटावर दाब. मुठीच्या वर आणि खाली वाकणारे दोन भाग म्हणजे पाती.

आता पहिला दावा, 'धनुष्य यूचंच'. यू उत्तम लाकूड आहे, याबद्दल वादच नाही. त्याचा बाहेरचा फिकट थर ताण छान सोसतो, आतला नारिंगी गाभा दाब सोसतो, म्हणजे झाडानं अर्धं काम आधीच करून ठेवलेलं. १९९१ साली आल्प्सच्या बर्फात सापडलेल्या ओत्सीजवळचं, म्हणजे तिथे गोठून राहिलेल्या प्राचीन माणसाच्या मृतदेहाजवळचं, अर्धवट घडवलेलं धनुष्य यूचं होतं. १५४५ मध्ये बुडालेलं आणि १९८२ मध्ये वर काढलेलं 'मेरी रोज' हे इंग्लिश जहाज तर यूच्या धनुष्यांनी भरलेलं निघालं. पण डेन्मार्कमधल्या होल्मगोर इथल्या दलदलीत १९४४ साली जी धनुष्यं सापडली, ती सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीची आहेत आणि ती आहेत एल्मची. एल्म, अ‍ॅश, हॉर्नबीम ही धनुष्यकारांच्या लेखी एकाच पंगतीतली 'पांढरी लाकडं'. इंग्लंडातही आठव्या हेन्रीच्या काळच्या कायद्यानं धनुष्यकारांना यूबरोबर एल्म, अ‍ॅश, हेझेल अशा स्वस्त लाकडांचीही धनुष्यं करायला लावली होती. सगळ्यांना पुरेल इतका यू होता कुठे?

मग यूचा हा दबदबा आला कुठून? रॉजर अ‍ॅश्कम नावाच्या इंग्लिश पंडितानं १५४५ मध्येच (मेरी रोज बुडाली त्याच वर्षी, काय योग!) एल्म आणि अ‍ॅश धनुष्याला बेताचीच, असा निकाल दिला. त्याच्या डोळ्यांपुढे होतं ते इंग्रजी धाटणीचं लांब, अरुंद, जाड आणि गोल पोटाचं धनुष्य. त्या घाटापुरता तो बरोबरच होता. घाट बाजूला पडला आणि निकाल तेवढा आजपर्यंत चालत आला.

'कठीण म्हणून मोडतं' हा दावा मात्र मुळातच चुकीचा आहे. कठीण असणं वेगळं आणि ठिसूळ असणं वेगळं. पवनचक्क्या-पाणचक्क्यांच्या लाकडी चक्रांचे दाते, मोगऱ्या, खाटकाचा ठोकळा, पियानोच्या आतली ठोके देणारी यंत्रणा, या कामांना हॉर्नबीम पिढ्यान्‌पिढ्या वापरलं गेलं. दिवसभर धक्के खाणाऱ्या जागी ठिसूळ लाकूड कोण बसवेल? वाळलेल्या हॉर्नबीमची घनता घनमीटरला साधारण सव्वासातशे ते साडेसातशे किलो असते आणि ताण सोसण्यात ते तगडं आहे.

माझं पहिलं मोडलं त्याची गोष्ट सांगतो. हॉर्नबीमचं खोड गुळगुळीत गोल नसतं, दंडाच्या स्नायूंसारखे त्याला उभे उंचवटे असतात. साल काढली की पाठीवर त्या लाटा दिसतात. मला ते ओबडधोबड वाटलं. रंधा घेतला आणि पाठ आरशासारखी सपाट केली. दिसायला सुंदर झाली. पण प्रत्येक लाटेच्या माथ्यावरचे तंतू मी कापून टाकले होते. दोरी साठ सेंटीमीटरपर्यंत ओढली तेव्हा आधी एक बारीक 'टिक' ऐकू आलं. वरच्या पात्याच्या पाठीवर, बरोबर एका रंधलेल्या लाटेच्या टोकाशी, नखाएवढी चिरफळी उचलली गेली होती. मी शहाणपणा करून आणखी एकदा ओढलं. वरचं पातं पायाशी जाऊन पडलं.

हॉर्नबीमची वर्षवलयं नागमोडी आणि पुसट असतात, त्यामुळे 'एका वलयावर पाठ काढा' हा इतर लाकडांचा नियम इथे पाळणं जवळपास अशक्य. पण ती गरजही पडत नाही. सालीखालचा जो पहिला पृष्ठभाग तीच पाठ, तिला हत्यार लावायचंच नाही. वसंतात तोडलेल्या खोडाची साल हातानं सोलून निघते, खाली ओलसर, तुळतुळीत लाकूड मिळतं. लाटा तशाच राहू द्यायच्या आणि पोट त्या लाटांच्या मागोमाग तासायचं. जिथे पाठ उंच, तिथे पोटही तेवढंच वर, म्हणजे जाडी सगळीकडे सारखी राहते. गाठ आली तर तिच्याभोवती लाकूड थोडं जास्त ठेवायचं.

सरळ फाटत नाही, हे खरं. तंतू एकमेकांत गुंतलेले असतात, पाचर घातली की भेग कुठेही पळते. म्हणून मी करवत वापरतो. मनगटाहून जाड, दहा-पंधरा सेंटीमीटर व्यासाचं, सालीच्या रेषा पिळलेल्या नाहीत असं खोड निवडायचं आणि मधोमध कापायचं. पाठ तर सालीखालची नैसर्गिकच आहे, मग आत करवत फिरल्यानं काय बिघडतं?

वाळवण्याबद्दल मात्र हा मजकूर नुसता चुकीचा नाही, घातक आहे. 'जाडीच्या दर इंचाला एक वर्ष' हा वाळवण्याचा हिशेब फळ्यांचा. सालीसकट अखंड ओंडका आडोशाला ठेवून तीन वर्षं वाट पाहिलीत तर हाती धनुष्याचं लाकूड लागणार नाही, बुरशीनं काळे-तपकिरी पट्टे पडलेलं मऊ लाकूड लागेल. हॉर्नबीम फार लवकर कुजतं. त्याला उलटं वागवावं लागतं: तोडल्याबरोबर साल काढायची, दोन्ही टोकांना जाड रंग किंवा सरस फासायचा, त्याच आठवड्यात धनुष्याचा ढोबळ आकार काढायचा आणि पाठीवर लाखेचा हात द्यायचा, म्हणजे भेगा पडत नाहीत. मग उन्हापासून आणि शेकोटीपासून लांब, हवेशीर खोलीत ठेवायचं. आणि वाळताना मुरडू नये म्हणून सरळ पट्टीला आवळून ठेवायचं, कारण हे लाकूड आकसतं फार.

वाळलं कधी हे कॅलेंडर सांगत नाही, काटा सांगतो. माझा मागचा तुकडा पहिल्या दिवशी सोळाशे ग्रॅमच्या आसपास होता. रोज वजन करून त्याच्यावरच पेन्सिलीनं आकडा लिहीत गेलो. सुरुवातीला रोज पंधरा-वीस ग्रॅम उतरायचे, मग पाच, मग एक. सहाव्या आठवड्यात अकराशेवर काटा थांबला, आठवडाभर हलला नाही. वीस अंश तापमान आणि पन्नास टक्के आर्द्रता असलेल्या खोलीत लाकूड साधारण नऊ टक्के ओलाव्यावर येऊन स्थिरावतं, आणि धनुष्याला हवा तो एवढाच. त्याहून ओलं लाकूड वाकवलं तर बाक बसणार, हाडासारखं सुकवलं तर मोडणार.

शिकारीचा टोला थोडक्यात. ज्या देशांत धनुष्यानं हरणाची शिकार कायदेशीर आहे, तिथे साधारण चाळीस-पन्नास पौंडांचं धनुष्य वापरतात (पौंड म्हणजे धनुष्याचं वजन नव्हे, दोरी पूर्ण ओढायला लागणारा जोर). हॉर्नबीमचं पन्नास पौंडांचं नीट घडवलेलं सपाट धनुष्य बत्तीस ग्रॅमचा बाण सेकंदाला पंचेचाळीस-अठ्ठेचाळीस मीटरच्या वेगानं फेकतं, आणि यूचं तेवढ्याच जोराचं धनुष्यही त्याच्या फार पुढे जात नाही. बाण मारतो तो रक्तस्रावानं, म्हणजे बाणाच्या टोकाच्या धारेनं आणि अचूक नेमानं. पंधरा मीटरवरून फुफ्फुसाचा नेम साधत नसेल तर कुठल्याही झाडाचं लाकूड कामाला येणार नाही. ब्रिटनमध्ये धनुष्यानं वन्य प्राणी मारायला बंदी आहे, फ्रान्समध्ये १९९५ पासून परवानगी आहे. तेव्हा लाकडाआधी आपल्याकडचा कायदा तपासा.

राहिला बाक. इथे मजकूर खरा आहे आणि मी तो पुसणार नाही. हॉर्नबीम ताणाला जेवढं भक्कम तेवढं दाबाला नाही. पोटाचे तंतू चेपले गेले की परत सरळ होत नाहीत, दोरी उतरवल्यावरही धनुष्य ओढणाऱ्याकडे झुकलेलं राहतं. प्रश्न आहे तो किती झुकतं, आणि ते आपल्या हातात आहे.

पात्याचा ताठपणा रुंदीच्या सरळ प्रमाणात वाढतो, पण जाडीच्या घनाच्या प्रमाणात. पंधरा मिलिमीटर जाडीतून दीड मिलिमीटर काढला की ताठपणा २७ टक्क्यांनी उतरतो, म्हणून शेवटी रंधा ठेवून खरवडणी घ्यायची. आणि सारख्याच वाकेत पातळ पात्याच्या पोटावर दाब कमी येतो. म्हणजे जोर हवा असेल तर जाडीतून न घेता रुंदीतून घ्यायचा. एकाहत्तर सेंटीमीटर ओढीसाठी मी एकशे सत्तर सेंटीमीटर लांब धनुष्य करतो. मूठ जाड आणि न वाकणारी, पाती निम्म्या लांबीपर्यंत पाच सेंटीमीटर रुंद, तिथून निमुळती होत टोकाला सव्वा सेंटीमीटर. पोट पूर्ण सपाट. अ‍ॅश्कमच्या अरुंद गोल पोटाच्या नेमकं उलट.

मग वाक सारखी करणं, टिलरिंग. भिंतीवरच्या खुंटीत मूठ अडकवायची, दोरी कप्पीतून खाली घ्यायची आणि चार पावलं मागे जाऊन बघायचं. जिथे पातं ताठ दिसतं तिथेच चार-सहा वेळा खरवडायचं, वीस-तीस वेळा हलकं ओढायचं, पुन्हा बघायचं. ठरवलेल्या जोराच्या वर एकदाही ओढायचं नाही. घाई झाली, एका जागी सांध्यासारखी वाक आली, की बाक तिथेच बसतो.

निम्मं टिलरिंग झालं की पोट शेकतो. निखाऱ्यांवर किंवा गरम हवेच्या बंदुकीनं, कॉफीसारखा रंग येईपर्यंत, पाठ मात्र थंड ठेवून. त्यानं पोट दाबाला घट्ट होतं. शेकल्यावर लाकूड कोरडंठाक झालेलं असतं, चार-पाच दिवस हवेत ठेवून ओलावा परत येऊ दिल्याशिवाय दोरी चढवायची नाही. हे मी एकदा विसरलो होतो. त्याचे दोन तुकडे अजून रोपांना आधार म्हणून उभे आहेत.

माझं आत्ताचं धनुष्य सत्तेचाळीस पौंडांचं आहे. तिसरं वर्ष चालू आहे. दोरी उतरवल्याबरोबर सरळ पट्टीवर धरलं तर टोकं साडेतीन सेंटीमीटर पोटाकडे येतात, आणि रात्रभर ठेवलं की दोन.