मालक संघटनांची निवेदनं आणि कामगार कायदे: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुम्ही सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. मालक संघटना सरकारदरबारी कायदे कसे बदलून घेतात, यावरचा माझा लेख तुम्हाला एकतर्फी वाटला. कामगारांनी मोर्चा काढला तर तो हक्क आणि उद्योजकांनी निवेदन दिलं तर ते कारस्थान, हा कुठला न्याय, असं तुम्ही विचारलंय. भोसरीत चाळीस माणसांचं वर्कशॉप चालवताना जुन्या कायद्यांचा जाच होतो, असंही लिहिलंय.

निवेदन देणं हा उद्योजकांचा हक्क आहेच. फिक्की ही उद्योजकांची देशपातळीवरची संघटना १९२७ पासून हेच काम करते आणि इंग्रज सरकारपुढे देशी धंद्याची बाजू तिनेही लावून धरली. मला खटकतं ते हे, की कुणी काय मागितलं आणि त्यातलं कायद्यात काय उतरलं याचा सामान्य माणसाला पत्ताच लागत नाही.

तुमच्याच वर्कशॉपचं बघू. कामगार कपात करायची किंवा कारखाना बंद करायचा तर सरकारची परवानगी लागते, ती अट १०० ऐवजी ३०० कामगारांपासून लावा, ही मालक संघटनांची जुनी मागणी. २०१९ च्या औद्योगिक संबंध संहितेच्या (कपात, टाळेबंदी, संप यांच्या नव्या कायद्याच्या) विधेयकात आकडा १०० च होता, फक्त तो बदलायची मुभा सरकारला होती. एप्रिल २०२० मध्ये संसदेच्या स्थायी समितीने ३०० ची शिफारस केली. सप्टेंबरमध्ये विरोधकांच्या बहिष्कारातच ती संहिता ३०० च्या आकड्यासह राज्यसभेत मंजूर झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागूही झाली. या मागणीसाठी नेहमी लघुउद्योजकाचं नाव पुढे केलं जातं. पण चाळीस कामगारांच्या तुमच्या वर्कशॉपला ही परवानगी आधीही लागत नव्हती! सुटका झाली ती १०० ते २९९ कामगारवाल्यांची.

लहान कारखानदाराचं मोठं दुखणं असतं थकलेल्या बिलांचं. लघुउद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्याने ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. पण व्याज मागितलं की पुढची ऑर्डर जायची भीती, म्हणून मागतं कोण? बिल थकवणारी कंपनी आणि पुरवठादार एकाच संघटनेचे सभासद असले, तर दिल्लीत कुणाचं गाऱ्हाणं पोचणार?

आता कामगारांचं. ८ मे २०२० रोजी मालक संघटनांनी तेव्हाचे श्रममंत्री संतोष गंगवार यांच्याशी ऑनलाइन बैठकीत बारा तासांचा दिवस मागितला. किमान वेतन, बोनससारखी देणी सोडून बाकी कामगार कायदे दोन-तीन वर्षं स्थगित ठेवा, असंही सांगितलं. गावाकडे पायी निघालेले मजूर तेव्हा रस्त्यांवर होते. गुजरातने तर एप्रिलमध्येच बारा तासांची अधिसूचना काढली होती. तिच्यात उदाहरणच दिलंय: आठ तासांचे ८० रुपये असतील तर बारा तासांचे १२०. तेव्हाच्या कारखाना कायद्याप्रमाणे जादा चार तासांना दुप्पट दर, म्हणजे एकूण १६० व्हायला हवे होते. रोजचे चाळीस रुपये एका कागदाने गेले. सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० रोजी ही अधिसूचना रद्द केली आणि ओव्हरटाइम द्यायला लावला. त्यासाठी कामगार संघटनेला कोर्टाची पायरी चढावी लागली.

कामगार संघटनाही दबाव आणतात, हे तुमचं म्हणणं खरं आहे. पण मोर्चा भर रस्त्यात निघतो, मागण्या फलकावर असतात. सरकार, मालक आणि कामगार समोरासमोर बसतात ती भारतीय श्रम परिषद २०१५ नंतर झालेलीच नाही. मधल्या काळात जुने कामगार कायदे एकत्र करणाऱ्या चार संहिता आल्या.

२०१२ मध्ये वॉलमार्ट या अमेरिकी किरकोळ विक्री कंपनीच्या लॉबिंगवरून, म्हणजे धोरणं आपल्या बाजूने वळवण्याच्या खटपटीवरून, संसदेत गदारोळ झाला, आठवतो? २००८ पासूनचा सुमारे अडीच कोटी डॉलरचा खर्च, अनेक विषयांचा मिळून, त्यात भारताची बाजारपेठही होती. तो आपल्याला कळला अमेरिकेच्या कायद्यामुळे, कारण तिथे दर तिमाहीला हिशेब द्यावा लागतो. आपल्याकडे असा कायदाच नाही. तो यावा, आणि मालकांचं तसंच कामगारांचं, प्रत्येक निवेदन सर्वांना वाचायला मिळावं, एवढंच मी मागतोय.

तुम्ही ज्या संघटनेचे सभासद आहात, तिने कामगार संहितांवर सरकारला काय लिहून दिलं ते तुम्हाला दाखवलं होतं का? असेल तर जरूर पाठवा. मी ते जसंच्या तसं इथे टाकीन.