म्हणे तेच तेच वाजवतात

शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आज मी एसी/डीसी या रॉक बँडचं 'शॉट इन द डार्क' हे गाणं टाकलं. लगेच एका विद्वानाचं उत्तर आलं, "अजून तेच तीन कॉर्ड? म्हाताऱ्यांनो, बसा आता घरी." खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. डोकंच फिरलं माझं.

तेच वाजवतात, हो! १९७३ पासून तेच वाजवतायत. सवाईला शाल पांघरून बसता तेव्हा नाही कुणी ओरडत, "बुवा, यमन झाला, काहीतरी नवीन काढा"!

माझा मामा ऑर्केस्ट्रात ऱ्हिदम गिटार, म्हणजे गाण्यामागचा ताल धरणारी गिटार, वाजवायचा. गणपतीत रात्र रात्र कार्यक्रम. पोस्टरवर गायकांची नावं, निवेदकाचं नाव, मामाचं कधीच नाही. मी कॉलेजात असताना त्याला वॉकमनवर एसी/डीसीचं 'बॅक इन ब्लॅक' ऐकवलं होतं. इयरफोनची उजवी बाजू मेलेली, त्यामुळे फक्त डावीकडचं ऐकू यायचं. डावीकडे बँडचा ऱ्हिदम गिटारवाला माल्कम यंग असतो, उजवीकडे त्याचा भाऊ, लीड गिटारवाला अँगस. मामा डोळे मिटून ऐकत बसला आणि म्हणाला, "हा मागे वाजवणारा कोण रे? याला घड्याळ लागत नसेल." मला तेव्हा फक्त शाळेच्या गणवेशात उड्या मारणारा अँगस माहीत होता.

तर तो माल्कम. गिटारला जाड तारा, एकच पिकअप (तारांचा आवाज टिपणारा भाग), उभा राहणार ड्रमच्या शेजारी, कोरस म्हणायला पुढे येणार आणि पुन्हा मागे. डिमेन्शिया सुरू झाल्यावर 'ब्लॅक आइस' अल्बमच्या दौऱ्यात हा माणूस स्वतःच बसवलेल्या रिफ, म्हणजे गाण्यात पुन्हा पुन्हा येणाऱ्या गिटारच्या छोट्या सुरावटी, नव्याने शिकून स्टेजवर जायचा. २०१७ च्या नोव्हेंबरात तो गेला. त्याच्या काही आठवडे आधी थोरला भाऊ जॉर्ज, ज्याने यांचे सुरुवातीचे अल्बम घडवले. गायक ब्रायन जॉन्सनला २०१६ मध्येच डॉक्टरांनी बजावलं होतं, थांब, नाहीतर ठार बहिरा होशील. तेव्हाच्या दौऱ्यातले उरलेले कार्यक्रम 'गन्स एन रोझेस' बँडचा ॲक्सल रोझ गायला. बेसवाला क्लिफ विल्यम्स निवृत्त झाला. ड्रमर फिल रड त्याआधीच कोर्टकचेऱ्यांपायी बाहेर. बँड संपला होता हो, दुसरं काय!

आणि मग २०२० च्या नोव्हेंबरात 'पॉवर अप' अल्बम, 'शॉट इन द डार्क' त्यातलंच. अँगसने भावासोबत जमवून ठेवलेल्या जुन्या रिफ बाहेर काढल्या, सगळ्यांना परत गोळा केलं. बाराही गाण्यांवर नावं दोघांचीच, अँगस आणि माल्कम. माल्कमच्या जागी वाजवतोय पुतण्या स्टीव्ही. तोही काही आयत्या वेळी उभा केलेला नाही. १९८८ मध्ये माल्कम दारू सोडवायला थांबला होता, तेव्हाही स्टीव्हीनेच दौरा सांभाळला होता.

हे माहीत असताना "तेच तीन कॉर्ड" म्हणून दाखवा. निदान माझ्या तोंडावर नको.

बरं, त्यातलं 'नो मॅन्स लँड' रेंगाळतं, मान्य. गाण्यांचे शब्द अजून सोळा वर्षांच्या पोराचे आहेत, तेही मान्य. पुढे.

पण 'थ्रू द मिस्ट्स ऑफ टाइम' ऐका. सत्तरी गाठलेला ब्रायन त्यात ओरडत नाही, चक्क गातो. या बँडला हळवं होता येत नाही, जमतच नाही त्यांना, आणि इथे ते न सांगता झालेत. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी भांडी घासत होतो. नळ बंद केला.

लॉकडाउनमध्ये हा अल्बम मामालाही पाठवला होता. ऑर्केस्ट्रा कधीच बंद झालाय, पण गिटार छेडायचं प्लेक्ट्रम अजून पाकिटात, सुट्ट्या पैशांच्या कप्प्यात. रात्री फोन आला, "वाजवतोय दुसरा, पण बसवलंय त्यानंच." मी त्याला स्टीव्हीबद्दल काहीही सांगितलं नव्हतं.

आता मगाचा राग उतरलाय थोडा. ग्रुपवरच्या त्या विद्वानाचंही चुकलं नाही म्हणा, मोबाईलच्या स्पीकरवर ऐकलं असणार त्याने. त्यातून या बँडचं फक्त ओरडणं बाहेर येतं, मागचा माणूस येत नाही. मी त्याला उत्तर दिलेलं नाही. उद्या परत तिथेच 'डीमन फायर' टाकणार आहे आणि परवा 'रिजेक्शन'. बारा गाणी आहेत, ग्रुप सोडायचा तर त्याने सोडावा.