बाटल्या धुणाऱ्याचं उत्तर

मागच्या आठवड्यात पुण्याच्या मुळा-मुठेवर पोस्ट टाकली होती, की नदीकाठ नटवायच्या आधी नदीत जाणारं मैलापाणी थांबवा. त्यावर 'नदीमित्र' नावाने एका वाचकाची लांबलचक कमेंट आलीय. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: माझा एमएलडीचा (म्हणजे रोजचे दशलक्ष लिटर) आकडा चुकलाय, मी प्रदूषित नद्यांची २०१८ ची जुनी यादी वापरलीय, मी नुसती रड लावतो पर्याय देत नाही, आणि सगळ्यात शेवटी हे वाक्य, जसंच्या तसं देतो: "बीओडी पाच दिवसांचा असतो एवढं ज्याला माहीत नाही त्याने लॅबमध्ये फार तर बाटल्या धुतल्या असतील." (बीओडी म्हणजे पाण्यातली घाण खाताना जंतू किती ऑक्सिजन वापरतात त्याचं माप; मी ते तीन दिवसांचं लिहिलं होतं.)

आधी चूक मान्य करतो, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको. जायका या जपानी संस्थेने कर्ज दिलेल्या प्रकल्पातल्या ११ मैलापाणी शुद्धीकरण केंद्रांची क्षमता मी ९३६ एमएलडी लिहिली, ती ३९६ आहे. बोटं घसरली, टायपो आहे, दुरुस्त केलंय. पण याच्यावरून "सगळीच पोस्ट बोगस" हे जरा अतीच होतंय असं तुम्हाला वाटत नाही का?

आता बाटल्यांकडे येऊ.

हो साहेब, धुतल्या. १९९४ ला बीएस्सी केमिस्ट्री करून एका खाजगी लॅबमध्ये लागलो तेव्हा पहिले सहा महिने बाटल्याच धुतल्या. तीनशे मिलीच्या, काचेचं घासून बसवलेलं बूच असलेल्या, क्रोमिक ॲसिडने, हातमोजे असायचे पण एक फाटका. (ते ॲसिड शेवटी बेसिनमधूनच जायचं, म्हणजे प्रदूषण मोजता मोजता थोडं आम्हीपण करायचो, तेही कबूल.) बाटली का धुवायची हे तुम्हाला माहीत आहे का पण? आत आधीच्या सॅम्पलचा ओशटपणा राहिला तर तो पण ऑक्सिजन खातो आणि आकडा चुकतो. बूच लावताना हवेचा एक बुडबुडा आत राहिला तरी सॅम्पल फुकट. त्यामुळे बाटली धुणं हे काही खालचं काम नाहीये, अख्खा रिपोर्ट त्या बाटलीवर उभा असतो. सांगायचा मुद्दा म्हणजे तुम्ही जी शिवी म्हणून वापरलीत ती माझी नोकरी होती.

आणि पाच दिवस. अहो, पाच दिवस आणि वीस डिग्री ही जुनी पद्धत, मूळ इंग्लंडातली. तिकडच्या रॉयल कमिशनने १९१२ च्या रिपोर्टात पाच दिवस धरले, कारण असं सांगतात की तिथल्या नदीचं पाणी फार तर पाच दिवसांत समुद्राला मिळतं. आपली मुठा मुळेला, मग भीमेला, मग कृष्णेला मिळून पार आंध्रातून समुद्राला जाते, तिला कुठलं आलंय पाच दिवसाचं गणित. आपल्याकडे तापमान जास्त, जंतू घाण लवकर खातात, म्हणून भारतात तीन दिवस आणि २७ डिग्री धरतात, निष्कर्ष साधारण तेवढाच येतो. आंघोळीच्या पाण्याचा निकष काढून बघा, तिथे स्पष्ट लिहिलंय: बीओडी, तीन दिवस, २७ डिग्री, लिटरला ३ मिलिग्रॅम किंवा कमी. मी लिहिलं होतं ते बरोबर होतं. कुठलं तरी परदेशी पुस्तक किंवा पीडीएफ चाळून तुम्ही मला "बेसिक" शिकवायला आलात याचं वाईट वाटलं, राग नाही आला. म्हणजे आला थोडा.

त्याच १९१२ च्या रिपोर्टातली दुसरी गोष्ट मात्र तुमच्यासारख्यांनी जरूर वाचावी. शुद्ध केलेल्या सांडपाण्यात बीओडी २० पर्यंत चालेल असं ते म्हणाले, पण अट होती, नदीत त्याच्या निदान आठपट चांगलं पाणी असलं पाहिजे. आपण वीसचा आकडा उचलला, आठपटीची अट तिकडेच ठेवली. २०१५ च्या मसुद्यात आपल्या केंद्र सरकारने बीओडी १० लिहिलं होतं, २०१७ ला अंतिम करताना मोठ्या शहरांना २० केलं, मग २०१९ ला हरित लवादाने परत १० करायला सांगितलं. आता मे महिन्यात मुठेत आठपट चांगलं पाणी दाखवा मला! खडकवासल्याच्या खाली पाऊस सोडला तर नदीला स्वतःचं पाणी म्हणून काही उरतच नाही, जे वाहतं ते आपल्याच घरांतलं. केंद्रं कितीही बांधा, त्यातून शुद्ध होऊन आलेलं पाणीच जर नदी असेल तर २० आणि १० यातला फरक कागदावर नाही, थेट पाण्यात दिसतो. आणि मुंढव्याच्या जॅकवेलमधून (नदीचं पाणी उपसायची विहीर) हेच पाणी दौंडकडच्या शेतीला जातं, उरलेलं उजनीत, जिथून सोलापूर पितं.

हे मी पुस्तकातून नाही सांगत. एका मे महिन्यात बंडगार्डनच्या बंधाऱ्याच्या खालून सॅम्पल घेतलं होतं. विरघळलेला ऑक्सिजन बघायला बाटलीत मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड टाकतात, ऑक्सिजन असला की चॉकलेटी साका बसतो, नसला की पांढरा. स्वच्छ पाणी त्या उन्हाळ्यात सात-आठ मिलिग्रॅम धरतं. माझ्या बाटलीत साका पांढराशुभ्र बसला, पिठल्यात पडलेल्या कच्च्या पिठासारखा. मी दुसरी बाटली केली, तीपण पांढरी. लॅबच्या साहेबांना दाखवलं तर म्हणाले रिएजंट बदल. नवीन रिएजंट केलं. पांढरीच. मग म्हणाले, अरे शून्य लिहू नको, क्लायंट वैतागतो, ०.४ वगैरे लिही. कंपनीचं नाव सांगणार नाही, पण तेव्हापासून कुठल्याही रिपोर्टात ०.४ दिसलं की मला ती बाटली आठवते. नारायण पेठेत वाढलोय, आमचे वडील ओंकारेश्वरच्या घाटावर पोहायला शिकले, मला त्यांनी त्या पाण्यात पाय बुडवू दिला नाही. तेव्हा "नदीशी तुमचं काय नातं" हे तरी तुम्ही मला विचारू नका.

बाकी मुद्दे. यादी जुनी आहे, बरं, त्यानंतरची घ्या: २०१८ ला देशात नद्यांचे ३५१ प्रदूषित पट्टे, महाराष्ट्रात ५३. २०२२ ला देशात ३११, महाराष्ट्रात ५५. दोन्ही वेळेला पहिला नंबर आपलाच, मग यादी बदलून काय साधलं?

"धरणातून नदीला पाणी सोडायचं तर शहराला काय पाजणार" यावर वेगळी पोस्ट लिहावी लागेल, सवडीने लिहीन, दोन ओळींत सांगण्यासारखं नाही ते. आणि जायकाचा प्रकल्प २०१६ ला मंजूर झालाय हे मला ठाऊक आहे, ९९० कोटींचा आहे हेही ठाऊक आहे, मी त्याच्या विरोधात नाही, हे मूळ पोस्टमध्ये दोनदा लिहिलंय, परत वाचा.

कमेंट डिलीट करणार नाही, काही जणांनी मेसेज करून सांगितलं की करा. राहू दे. फक्त पुढच्या वेळेला 'नदीमित्र' ऐवजी स्वतःच्या नावाने या, म्हणजे मलापण कळेल की आपण कुठल्या लॅबमध्ये होतात.