रिपोर्ट पाहून लेकराचं ताट रिकामं करू नका

यवतमाळकडच्या आमच्या घरच्या ग्रुपवर सध्या दोन तट पडलेत. बहिणीच्या पाच वर्षांच्या मुलाच्या अंगावर दोनदा गांधी उठल्या, म्हणून तालुक्याच्या गावी रक्त देऊन ॲलर्जीचं मोठं पॅकेज केलं. अंडं, दूध, शेंगदाणा, गहू, सगळ्यांपुढे खुणा. आजीनं तेव्हापासून सगळंच बंद केलंय. मोठे काका म्हणतात, "शहरी चोचले आहेत बाप्पा! आमच्या टायमाले कोनाले होती ॲलर्जी?" मी इंग्लंडात असतो, म्हणून पंचाईत माझ्याकडे.

रक्तात त्या-त्या पदार्थाविरुद्धचं आयजीई, म्हणजे ॲलर्जीत भाग घेणारी अँटिबॉडी, किती आहे, एवढंच ही तपासणी सांगते. आकडा ०.३५ च्या वर गेला की बहुतेक लॅब पॉझिटिव्ह धरतात. पण रोज शेंगदाणे घातलेले पोहे खाऊन खुशाल हुंदडणाऱ्या पोराचाही आकडा वर येऊ शकतो. मोठा आकडा म्हणजे ॲलर्जीची शक्यता जास्त; त्रास किती जोराचा होईल ते त्यावरून कळत नाही. एकूण आयजीई तर जंतांनीही चढतं, आणि आमच्याकडे शाळेत जंताच्या गोळ्या उगाच वाटत नाहीत.

इथे आमच्या मुलीच्या वेळी डॉक्टरांनी आधी नुसते प्रश्न विचारले. काय खाल्लं, किती वेळानं उठलं, तेच पुन्हा खाल्लं तेव्हा काय झालं? २०११ पासूनची इथली मार्गदर्शक सूचनाही हेच सांगते : आधी हकिकत, मग संशय असेल तेवढ्याच पदार्थाची तपासणी. म्हणून इथलं सगळं छान असं नाही. तज्ज्ञाची तारीख मिळायला महिनोन्‌महिने गेले. तेवढ्यात आमच्या भाऊजींनी नागपूरचे चार डॉक्टर पालथे घातले असते. आणि चुका इथेही झाल्यात. घरात ॲलर्जी असेल तर बाळाला शेंगदाणा देऊ नका, असं इथल्या सरकारनं १९९८ मध्ये सांगितलं आणि २००९ मध्ये तो सल्ला मागे घेतला. २०१५ मध्ये लंडनच्याच अभ्यासात उलटं दिसलं : जोखमीच्या बाळांना लहानपणापासून शेंगदाणा दिला, तर पाचव्या वर्षी ॲलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी.

बहिणीला फोनवर तेच प्रश्न विचारले. दोन्ही वेळा गांधी सर्दी-तापाच्या पाठोपाठ उठल्या होत्या; लहान मुलांत हे अगदी नेहमीचं कारण. शेंगदाण्याची चिक्की तर तो आवडीनं खायचा. आधीच हाडकुळं लेकरू, त्यात दूध-अंडं तोडलं तर राहिलं काय? माझा राग लॅबवर नाही, चिठ्ठीशिवाय विकल्या जाणाऱ्या पॅकेजवर आहे.

काकांचंही मला पटत नाही. खाल्ल्यावर थोड्याच वेळात ओठ सुजले, श्वास घरघरला, तर ते चोचले नव्हेत. तिथे ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन मांडीत लगेच लागतं. इथे अशा मुलांजवळ त्याचं पेन, म्हणजे तयार भरलेली, थेट टोचायची सुई, असते. आपल्याकडे ते सहज मिळत नाही, पण त्याच औषधाची साधी ॲम्प्यूल, म्हणजे काचेची छोटी कुपी, स्वस्त आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात ती आहे का, हे काकांनीच जाऊन विचारावं. गावात त्यांच्या शब्दाला वजन आहे. अशा लेकराची मात्र रक्ततपासणी जरूर करावी, संशयाच्या पदार्थापुरती.

बहिणीला सांगितलंय, रिपोर्टसोबत भाचा आधी काय काय बिनत्रास खायचा ते वहीत लिहून बालरोगतज्ज्ञाकडे ने, आणि दूध-अंडं परत कधी सुरू करायचं ते त्यांनाच विचार. आजीलाही सोबत ने म्हटलं, नाहीतर घरी येऊन पुन्हा बंद.