तू कुठल्या वर्ल्ड कपचा?

मुंबईत फुटबॉलवेड्या माणसाला थेट वय विचारत नाहीत. पहिला आठवणारा वर्ल्ड कप कोणता, एवढंच विचारतात. परमिट रूमच्या टेबलावर मसाला पापड यायच्या आत हा प्रश्न येतोच. मग मॅच राहते बाजूला आणि जन्मदाखल्यांची तपासणी सुरू होते. या छळातून अजून कोणी सुटल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

हिशोब सोपा आहे. वयाच्या आठव्या वर्षाआधीचं फुटबॉल कोणालाही धड आठवत नाही, तेव्हा वर्ल्ड कपच्या सालातून आठ वजा करायचे. कॉर्नरच्या झेंड्यापाशी नाचणारा कॅमेरूनचा रॉजर मिला म्हणजे १९९०, म्हणजे गडी ८२च्या आसपासचा. इटलीच्या बाजोने बारवरून उडवलेली पेनल्टी १९९४. फ्रान्सच्या झिदानने फायनलमध्ये डोक्याने मारलेले दोन गोल १९९८ आणि त्याच डोक्याने इटलीच्या मातेराझ्झीच्या छातीचा घेतलेला समाचार २००६. कानात अजून व्हुवुझेलाची पिपाणी वाजत असेल तर २०१०. आणि ज्याचं फुटबॉल एम्बापेपासूनच सुरू होतं त्याला आधी विचारावं, बाळा, घरी सांगून आलायस ना?

हा हिशोब चुकतो तो थापाड्यांमुळे. लग्नाच्या बाजारात वय कमी करून सांगणारा माणूस फुटबॉलच्या टेबलावर बिनधास्त पाच-सहा वर्षं चढवतो. अर्जेंटिनाच्या मॅराडोनाने इंग्लंडविरुद्ध हाताने मारलेला गोल ‘लाइव्ह’ पाहिला असं सांगणारे इतके भेटतात, की ८६ साली मुंबईत तेवढे टीव्ही तरी होते का अशी शंका येते. यावर भांडू नये, घड्याळ लावावं. ती मॅच २२ जून १९८६ला मेक्सिकोत भर दुपारी बाराला सुरू झाली, तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा वाजले होते. हाताचा गोल ५१व्या मिनिटाला आणि अर्धा इंग्लंड गुंडाळून मारलेला दुसरा त्यानंतर चार मिनिटांनी. म्हणजे आपल्या भिंतीवरच्या घड्याळात साडेबारा उलटून गेले होते. ‘शाळेतून आलो, दप्तर टाकलं आणि बघतो तर काय’ असं सुरू करणारा साक्षीदार इथेच बाद. त्यातून वाचला तर विचारायचं, इंग्लंडचा गोल कोणी मारला? लिनेकरने, ८१व्या मिनिटाला. यूट्यूबवर वाढलेली स्मृती सहसा तिथवर पोचत नाही. तिला मॅराडोनाचेच दोन गोल, तेही रिप्लेच्या कोनातून आठवतात.

२००२ची परीक्षा उलटी. तो वर्ल्ड कप कोरिया-जपानमध्ये होता, त्यामुळे ‘रात्र रात्र जागून पाहिला’ म्हणणारा खोटाच. ब्राझीलच्या रोनाल्डिन्होची ती इंग्लंडचा गोलकीपर सीमनच्या डोक्यावरून गेलेली फ्री किक शुक्रवारी भर दुपारी एकच्या पुढे पडली. ती पाहिलेल्याने एकतर शाळा बुडवलेली असते नाहीतर ऑफिस. काय बुडवलं ते सांगितलं की वय आपोआप कळतं. २०१४च्या ब्राझील-जर्मनी मॅचला तर एकच प्रश्न पुरतो: कितवा गोल हुकला? जर्मनीचे दुसऱ्यापासून पाचव्यापर्यंतचे गोल २३ ते २९ या मिनिटांत झाले, आणि आपल्याकडे तेव्हा रात्रीचे दोन वाजत आले होते. खरा साक्षीदार त्यातल्या एखाद्या वेळी चहा टाकायला उठलेला असतो. ज्याने सगळे गोल पाहिले तो संशयास्पद.

या सगळ्यांवर पाणी ओतायला कोपऱ्यात एक काका बसलेले असतात. ते वर्ल्ड कपबद्दल बोलतच नाहीत. ते मुंबईतल्या कूपरेज मैदानावरच्या रोव्हर्स कपबद्दल बोलतात. १८९१ला सुरू झालेली ही स्पर्धा २००१नंतर झालीच नाही, त्यामुळे काकांना खोटं पाडायला तरुण पुरावा शिल्लक नाही. त्यांच्यापुढे मान डोलवावी आणि शेंगदाणे पुढे सरकवावेत.

दुसरा चेंडू पडतो दारूच्या वयावर, आणि इथे थापा उलट्या दिशेने धावतात. फुटबॉलसाठी जो म्हातारा व्हायला तयार असतो तोच पहिल्या बियरसाठी पोरगा होतो. दोन्ही थापा एकाच कागदावर मांडाव्यात. ८६ला दहा वर्षांचा असलेला माणूस ९०मध्ये कॅमेरूनने अर्जेंटिनाला हरवल्याच्या आनंदात बियर प्यायला असेल, तर तेव्हा तो चौदाचा होता. बाटली थम्स अपची असणार.

इंग्लिश क्लबचे भक्त इंग्लंडची वयोमर्यादाही आपलीच समजतात. तिथे १८ आहे, जर्मनीत बियर १६व्या वर्षीच मिळते, अमेरिकेत २१, आणि शेजारच्या गोव्यात १८. महाराष्ट्रात बियर आणि वाइनला २१ आणि त्यापुढच्या कडक मालाला २५. आमदार व्हायचं किमान वयही २५च आहे. म्हणजे राज्य चालवण्याची आणि व्हिस्की पिण्याची अक्कल माणसाला एकाच दिवशी येते. कायदा करणाऱ्यांनी स्वतःवरूनच माप घेतलं असावं.

बरं, ज्या कायद्याखाली ही सगळी विक्री चालते त्याचं नाव दारूबंदी कायदा, साल १९४९. त्यानुसार प्यायला परवाना लागतो. एका दिवसाचा विदेशीसाठी पाच रुपये, देशीसाठी दोन. वर्षाचा शंभर, आयुष्यभराचा हजार. आता हजार भागिले पाच म्हणजे दोनशे मॅचेस. इंग्लिश लीगच्या एका मोसमात क्लबच्या मॅचेस ३८, तेव्हा एकही न चुकवणाऱ्याचा आजन्म परवाना सहाव्या मोसमात वसूल होतो. परवान्यावर कारण छापलेलं असतं ते आरोग्य राखण्याचं. आपल्या क्लबचा बचाव वर्षानुवर्षं पाहणाऱ्याला हे कारण मनापासून पटतं.

गंमत म्हणजे ज्यांची नक्कल आपण करतो त्यांनाच ही मजा नाही. इंग्लंडात १९८५च्या कायद्याने लीगच्या स्टेडियममध्ये मैदान दिसेल अशा जागी दारू प्यायला बंदी आहे. दादरला बसून लिव्हरपूलचा मुंबईकर भक्त जे करतो ते लिव्हरपूलच्याच ॲनफिल्ड स्टेडियममधल्या खुर्चीवर बसलेल्याला करता येत नाही.

आणि खेळाडूंचं तर विचारूच नका. स्पेनचा लमीन यमाल २०२४च्या युरोत फायनलच्या आदल्या दिवशी सतरा वर्षांचा झाला. युरोपचा कप त्याने उचलला, पण आपल्या परमिट रूममध्ये त्याला बियर मिळेल ती १३ जुलै २०२८पासून आणि व्हिस्की २०३२पासून. तोवर लिंबू सोडा. त्याचा पोस्टर घरात लावणारा चाळिशीचा माणूस मात्र त्याला अरे-तुरे करावं की अहो-जाहो, या पेचात असतो. आपल्यापेक्षा मोठा एक तरी खेळाडू अजून खेळतोय, हा प्रत्येकाचा शेवटचा आधार. इटलीचा गोलकीपर बुफॉनने २०२३ला हातमोजे काढले तेव्हा बऱ्याच जणांचा तो गेला. उरला जपानचा काझुयोशी मिउरा, जन्म फेब्रुवारी १९६७, २०२५मध्येही मैदानात. त्याने थांबू नये अशी माझी इच्छा आहे. तिच्यात फुटबॉलचा भाग थोडा आहे.

दारावरचा प्रकार वेगळाच. दाढी वाढवलेला बाविशीचा पोरगा सरळ आत जातो आणि गुळगुळीत दाढीच्या तिशीतल्याला आधार कार्ड मागतात. डिजिलॉकर बाहेरच उघडून ठेवावं, तळघरातल्या बारमध्ये रेंज नसते. स्क्रीनशॉट चालत नाही. आणि कार्ड मागितलं म्हणून चिडणारा अडतिशीचा माणूस आतून किती खूश असतो ते त्याच्या टिपवरून कळतं. उलट, वेटर ज्याला ‘काका, अजून काही?’ म्हणतो त्याची टिप त्याच क्षणी अर्धी होते.

वयाची खरी तपासणी घड्याळच करतं. इंग्लंडातली रात्रीची मॅच उन्हाळ्यात आपल्याकडे साडेबाराला लागते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडचं घड्याळ तासभर मागे गेलं की तीच मॅच दीडला, आणि बहुतेक परमिट रूमचं शटर खाली येतं तेही दीडलाच. मॅच संपेपर्यंत साडेतीन वाजतात. शेवटची लोकल कधीच गेलेली, पहिली यायला अर्धा-पाऊण तास. तेवढा वेळ स्टेशनबाहेर उभं राहून हसणारा विशीतला, टॅक्सी शोधणारा तिशीतला. चाळिशीतला मुळात आलेलाच नसतो. तो घरी आवाज बंद करून पाहतो आणि मोबाइल उपडा ठेवतो, कारण ओटीटीवरचा गोल मागून येतो आणि ग्रुपवरचा पुढून.

वाईट वाटतं ते एकाच मुलाचं. २०२६ची फायनल अमेरिकेत १९ जुलैला दुपारी, म्हणजे आपल्याकडे २० जुलैला रात्री साडेबाराला. ज्याचा जन्म २० जुलै २००१चा, तो किक-ऑफच्या बरोबर अर्धा तास आधी पंचवीसचा होतो. कायदा राजी, परवाना पाच रुपयांचा, पडदा समोर. पण लास्ट ऑर्डर एकला, शटर दीडला. त्याच्या वाट्याला एक पेग आणि फायनलचा पूर्वार्ध.